आधी गेज, मग पंप

गोडोलीच्या एका सरांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे हॅचबॅक गाडी आणि घरात एक स्कूटर. मुलगी पुण्याला शिकते, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा हायवे ठरलेला. गाडीच्या दारातल्या स्टिकरवर हवा ३३ लिहिली आहे. मागच्या खेपेला सकाळी सहाला त्यांनी साताऱ्यातच घराजवळच्या पंपावर चारही चाकांत ३३ करून घेतली. शिरवळला चहाला थांबले तेव्हा तिथल्या पंपावर सहज बघितली, तर ३७ निघाली. तिथल्या पोरानं 'जास्त हाय' म्हणून हवा काढली आणि ३३ करून दिली. संध्याकाळी पुण्यातून परत निघताना बघितली तर ३०. सर वैतागून लिहितात, "तीन पंप, तीन आकडे. आता कुणावरच विश्वास नाही. घरचाच पोर्टेबल पंप घेतो. कुठला घेऊ, आणि त्याच्यावरचं मीटर तरी खरं असतं का?"

सर, टायर आणि अलाइनमेंटच्या धंद्यात मला सत्तावीस वर्षं झाली. तुमची कैफियत वाचून हसू आलं, कारण तिन्ही पंप खरं बोलत असण्याचीच शक्यता जास्त आहे. चूक झाली ती शिरवळला हवा काढली तेव्हा.

टायर पळताना त्याची कड दर फेरीला दबते आणि उठते. त्यातून टायर तापतो, आतली हवा तापते, आणि ती कोंडलेली असल्यामुळे दाब वाढतो. तासभर हायवेला गाडी पळाली की ४-५ पौंड चढणारच. (पौंड म्हणजे पीएसआय, दर चौरस इंचावर किती पौंड दाब ते; आमच्याकडे जुनी गिऱ्हाइकं अजून पौंडच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) स्टिकरवरचा ३३ हा गार टायरचा आकडा असतो. गार म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली. शिरवळला ३७ दिसले ते अगदी बरोबर होते. त्यातले ४ काढले. पुण्यात टायर गार झाला तेव्हा तो २९ वर यायला हवा होता. दिवसभराच्या उन्हानं एखादा पौंड वर राहिला, म्हणून ३० दिसले. आणि तशाच कमी हवेवर तुम्ही रात्री खंबाटकीचा घाट चढून आलात.

म्हणून पहिला नियम: तापलेल्या टायरमधली हवा काढायची नाही. वाटेत एखाद्या चाकात हवा कमी वाटलीच, तर बाकीच्या तीन तापलेल्या चाकांइतकी भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरवर नक्की करा. घरी पंप हवा तो एवढ्याचसाठी, की गाडी रात्रभर उभी असलेल्या जागीच, किल्ली फिरवायच्या आत, हवा बघता यावी. पंपावर जाईपर्यंत टायर तापायला लागलेला असतो.

हवामानाचाही फरक पडतो. बाहेरचं तापमान साधारण साडेपाच अंशांनी बदललं की एक पौंड इकडचा तिकडे होतो. आपल्याकडे डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत वीस-पंचवीस अंशांचं अंतर सहज पडतं, म्हणजे ४ पौंड. दिवाळीनंतर टीपीएमएसचा (टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला म्हणून दरवर्षी लोक घाबरून दुकानात येतात. पंक्चर काही नसतं, थंडी पडलेली असते. महाबळेश्वरला गेल्यावर हवा वाढते का, असंही विचारतात. सातारा ते महाबळेश्वर उंचीत सुमारे सहाशे मीटरचा फरक आहे, बाहेरच्या हवेचा दाब तेवढ्यानं कमी होतो आणि गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं मीटर, जवळपास एक पौंड जास्त दाखवतं. पण वर गारवाही तितकाच असतो, तो एक पौंड उतरवतो. त्यामुळे घाटासाठी वेगळं काही करू नका.

आता गेज. तुम्ही विचारलं पंपाचं, पण मी आधी गेजबद्दल सांगणार, कारण पंप ताकद देतो आणि अक्कल गेजमध्ये असते. पोर्टेबल पंपावरच्या आकड्यावर विसंबून हवा मारणारी माणसं मी रोज बघतो. चारही चाकांत सारखीच हवा असते, फक्त सारखीच चुकीची.

गेज तीन प्रकारचं मिळतं. पहिलं पेनासारखं, ज्यातून दांडी बाहेर सरकते. शंभर-दीडशे रुपयांत येतं, बॅटरी नको, खिशात मावतं. ट्रकवाल्यांच्या खिशात हेच असतं. पण दांडीवरच्या रेघा दोन-दोन पौंडांच्या असतात, आत धूळ गेली की ती अडकते, आणि तुमच्या-माझ्या वयाला पहाटेच्या उजेडात ती वाचणं हा वेगळाच व्यायाम. स्टेपनीबरोबर एक टाकून ठेवायला हरकत नाही, भरवसा मात्र त्याच्यावर नको.

दुसरं काट्याचं, म्हणजे डायल गेज. त्यात पितळेची एक चपटी, वाकवलेली नळी असते. आत दाब गेला की ती सरळ व्हायला बघते आणि तिला जोडलेला काटा फिरतो. ही युक्ती यूजीन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली पेटंट केली. आपल्या साखर कारखान्यांत बॉयलरवर जे गोल गेज दिसतं, त्याच्या आत हीच नळी. चांगलं डायल गेज पंधरा-वीस वर्षं चालतं, पण एकदा फरशीवर पडलं की त्याची खात्री गेली. खरेदी करताना आधी काटा शून्यावर येतो का बघा. शून्याच्या खाली-वर थांबत असेल तर ठेवून द्या, सूट मिळत असली तरी.

तिसरं डिजिटल. हे वाचायला सगळ्यात सोपं, आणि चांगल्या बनावटीचं असेल तर अचूकही. आत सेन्सरची छोटी चकती असते, हलणारा भाग नाही, त्यामुळे पडल्या-झडल्यावर डायलपेक्षा बरं टिकतं. त्याचा दोष बॅटरीचा. बहुतेकांत बटणासारखा सेल असतो आणि तो नको त्या दिवशीच संपतो. दुसरा दोष असा की पडद्यावर ३२.७ दिसलं की माणसाला वाटतं, दशांश आहे म्हणजे अचूकही असणार. दशांश दाखवणं आणि दशांशाइतकं बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काटा निदान कुरकुरतो, डिजिटल आत्मविश्वासानं खोटं बोलतं.

डायल घेताना एक सापळा असतो, तो नीट समजून घ्या. खोक्यावर 'अचूकता दोन टक्के' लिहिलेलं असतं. हे दोन टक्के सहसा पूर्ण मापाचे असतात, तुम्ही मोजताय त्या आकड्याचे नव्हे. म्हणजे ० ते १०० च्या गेजवर चूक २ पौंडांची असू शकते, मग तुम्ही ३३ मोजा नाहीतर ९०. तेच ० ते ६० चं गेज घेतलं तर तेवढ्याच टक्क्यांत चूक सव्वा पौंडावर येते. शिवाय काट्याचं गेज मापाच्या मधल्या भागात सगळ्यात खरं असतं, दोन्ही टोकांना कमी. कार आणि स्कूटर एवढंच काम असेल तर ० ते ६० घ्या. आपला ३३ बरोबर मध्ये येतो. मोठा आकडा म्हणजे भारी गेज, असा समज करून लोक ० ते १६० चं घेऊन जातात. ते ट्रकसाठी आहे.

आणखी दोन गोष्टी बघा. एक, हवा सोडायचं बटण गेजवरच हवं. थोडी जास्त भरायची आणि बटण दाबून हळूहळू ३३ वर उतरायचं, ही सगळ्यात सोपी पद्धत. दुसरं, तोंड तिरकं असेल आणि अडीच-तीन वितीची रबरी नळी असेल तर अलॉय व्हीलच्या आडव्या-तिडव्या व्हॉल्व्हवर नीट बसतं. तोंड नीट बसलं नाही की 'फिस्स' आवाज येतो आणि आकडा कमी दिसतो. स्कूटरच्या टायरात मुळात हवाच थोडी, तिथं चार वेळा फिस्स केलं तर एक पौंड खरोखरच जातो.

गेज बरोबर आहे हे कसं ओळखायचं? एकाच चाकाला लागोपाठ तीनदा लावा. तिन्ही आकडे अर्ध्या पौंडाच्या आत आले तर गेज स्थिर आहे. स्थिर आहे म्हणजे बरोबर आहे असं मात्र नाही. पाच मिनिटं पुढे चालणारं घड्याळ रोज पाच मिनिटंच पुढे असतं. पण अशा घड्याळावर माणूस गाडी पकडू शकतो, कारण किती वजा करायचं ते ठाऊक असतं. गेजचंही तेच. खरं गेज एकदा शेजारी लावून फरक शोधायचा, आणि मागे पट्टी चिकटवून लिहून ठेवायचं: 'दीड जास्त दाखवतं'. दर वेळी वेगळं बोलणारं गेज मात्र कितीही महाग असलं तरी टाकून द्या.

माझ्याकडे एक मास्टर गेज आहे. ते वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला, म्हणजे बरोबर दाखवतं का ते तपासायला, जातं, रोजच्या कामाला कुणी त्याला हात लावायचा नाही, आणि दुकानातली बाकीची गेजं दर महिन्याला त्याच्याशी ताडून बघतो. दुकानात रोज आपटाआपट होते, नळीवरून गाड्या जातात, मीटर सरकणारच. पेट्रोल पंपावरच्या नळीचंही तेच होतं. तिथं आकडा लावला की आपोआप थांबणारं जे मशीन असतं, ते नीट सांभाळलेलं असेल तर चांगलं काम करतं. तेव्हा पंपवाल्यांना सरसकट शिव्या घालू नका, हवा फुकट देतात बिचारे.

एककांचं एका वाक्यात: १ बार म्हणजे १४.५ पौंड, आणि स्टिकरवर २३० केपीए (किलोपास्कल) असेल तर तेच तुमचे ३३. टायरच्या कडेवर 'मॅक्स' लिहून जो ४४ किंवा ५१ छापलेला असतो, तो टायरची मर्यादा सांगतो. तो बघून हवा मारलेल्या गाड्याही माझ्याकडे येतात, मधोमध टक्कल पडलेल्या टायरसकट.

आता पंप. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात १५० पीएसआय लिहिलेलं असतं. तो आकडा विसरा. तुम्हाला ३३ हवेत, १५० घेऊन काय करणार? सायकलच्या हातपंपानंही शंभर गाठता येतात. विचारायचं ते मिनिटाला किती लिटर हवा देतो हे. हॅचबॅकच्या टायरात साधारण ३० लिटर जागा असते. २५ वरून ३३ करायचे म्हणजे ८ पौंड, जवळजवळ ०.५५ बार, तिसांनी गुणा, सुमारे १७ लिटर हवा आत ढकलायची. खोक्यावर ३५ लिटर लिहिलेला पंप ती ३५ लिटर उघड्या हवेत देतो; समोर टायरचा दाब आला की तो निम्म्यावर येतो. म्हणजे एका चाकाला एक मिनिट. उत्तम. पूर्ण बसलेला टायर शून्यावरून ३३ करायला याच हिशेबानं ६८ लिटर लागतात, म्हणजे चार मिनिटं. स्वस्तातला पंप याच कामाला बारा-पंधरा मिनिटं घेतो, आणि तोवर तो स्वतःच तापून बंद पडतो. बहुतेक छोटे पंप सलग दहा मिनिटांच्या वर चालवायचेच नसतात, मग तेवढीच विश्रांती द्यावी लागते. ही ओळ माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते, ती शोधून वाचा.

सिलिंडर आणि पिस्टन धातूचे हवेत. आत प्लास्टिकचे गिअर असलेले पंप पहिल्या उन्हाळ्यात वितळलेले मी उघडून बघितलेत. हातात घेऊन वजन बघा. खेळण्यासारखा हलका लागला तर तो खेळणंच आहे. आणि काम झाल्यावर नळीच्या पितळी टोकाला लगेच हात लावू नका, चटका बसतो.

वायरचा (गाडीतल्या सॉकेटवर चालणारा) की बॅटरीचा? बॅटरीचे मशीन दिसायला देखणे, वायरींचा गुंता नाही, स्कूटरपाशी नेता येतात. पण मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आतली हवा साठ अंशांपर्यंत तापते, आणि लिथियमच्या बॅटरीला त्याहून वाईट जागा नाही. डिकीत टाकून विसरलेला बॅटरीचा पंप आठ महिन्यांनी, रात्री, पावसात बाहेर काढला की हमखास मेलेला निघतो. तुम्ही तो घरात ठेवून दर दोन महिन्यांनी चार्ज करणार असाल तर जरूर घ्या. स्वतःच्या स्वभावाला विचारून ठरवा. माझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून माझ्या गाडीत वायरचा आहे.

वायरच्यालाही खोड आहे, ती मी भोगली आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला मागचं चाक बसायला लागलं. गाडी कडेला घेतली, पंप लावला, अर्धा मिनिट गुरगुरला आणि गप्प. सॉकेटचा फ्यूज उडाला होता. पंप १५ अँपिअर ओढणारा, माझ्या गाडीचा फ्यूज १० चा, आणि टायरवाला असून मी हे कधी बघितलं नव्हतं. शेवटी मागून आलेल्या एका ट्रकवाल्यानं ब्रेकच्या टाकीला नळी लावून हवा दिली. पैसे विचारले तर म्हणाला, "हवंचं काय पैसं घेयाचं?" तेव्हापासून गिऱ्हाइकाला आधी हेच सांगतो: पंपावर किती अँपिअर लिहिलंय आणि गाडीच्या सॉकेटला फ्यूज किती, हे दोन आकडे जुळवा. १० चा फ्यूज असेल तर १० च्या आतलाच पंप घ्या. फ्यूज काढून मोठा बसवायचा शहाणपणा करू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. जादा फ्यूज मात्र डॅशबोर्डात ठेवा. पंप चालवताना इंजिन चालू ठेवा, पण बंद शटरच्या आत नको. आणि वायर व नळी मिळून मागच्या चाकापर्यंत आरामात पोचते का, हे दुकानातच विचारा. निदान तीन मीटर वायर हवी.

पंपावरच्या मीटरविषयी तुमचा प्रश्न होता. पंप चालू असताना मीटर नळीतला दाब दाखवतं, तो टायरपेक्षा जास्त असतो. बंद केला की आकडा खाली येतो. आपोआप थांबणारी मशीनंही एक-दोन पौंड अलीकडे-पलीकडे थांबतात. म्हणून ३५ वर लावून थांबू द्या, नळी काढा, आणि आपल्या गेजनं ३३ वर आणा. आपोआप थांबण्याची सोय जरूर घ्या, नाहीतर फोन आला की माणूस पंप विसरतो.

पैशांचं म्हणाल तर वायरचा बरा पंप दीड ते तीन हजारांत, बॅटरीचा दोन ते साडेचार हजारांत, आणि चांगलं गेज चारशे ते हजारात मिळतं. बजेट कमी असेल तर पायाचा पंप आणि चांगलं गेज घ्या. गेज नसलेल्या महागड्या पंपापेक्षा ती जोडी केव्हाही सरस. पायानं ८ पौंड चढवायला घाम येतो, पण खंबाटकीला त्याचा फ्यूज उडत नाही.

या पंपाकडून काय होणार नाही, तेही सांगतो. टायर डिस्कवरून, म्हणजे चाकाच्या धातूच्या भागावरून, सुटलेला असेल तर छोटा पंप तो बसवू शकत नाही, हवा बाजूनं निघून जाते. त्याला टाकीचा कॉम्प्रेसरच लागतो. बसलेल्या टायरवर गाडी किलोमीटरभर चालली असेल तर कड आतून फाटलेली असते, तिथं हवा भरणं धोक्याचं. खिळा दिसला तर उपटू नका. हवा भरा आणि खिळ्यासकट पंक्चरवाल्याकडे या. उसाच्या सीझनमध्ये रानाकडेला गाडी लावणाऱ्यांना बाभळीच्या काट्याचं मंद पंक्चर ठरलेलं. रात्रीतून ५-६ पौंड उतरतात, तिथं हा पंप सोन्यासारखा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायराला मात्र लावू नका, तेवढ्यात ऊस तोडून होईल. तुमच्या गाडीला स्टेपनी आहे का ते एकदा बघा. २०२० च्या नियमानुसार टीपीएमएस आणि पंक्चर किट असेल तर कारला स्टेपनी द्यायची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे नव्या गाड्यांत ती नसतेही. असेल तर तिचीही हवा बघा. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुधा ६० लागतात, आणि तुमचं ० ते ६० चं गेज तिथं टोकाला जातं हे ध्यानात असू द्या.

स्कूटरला पुढे-मागे वेगळी हवा असते, आणि मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाला आणखी जास्त. तिचा स्टिकर शोधा, अंदाजानं मारू नका. आणि व्हॉल्व्हच्या टोप्या हरवल्या असतील तर पाच-दहा रुपयांच्या नव्या घ्या. पावसाळ्यात पिनेत चिखल गेला की तीच हळूहळू हवा सोडते, आणि माणूस पंक्चर शोधत बसतो.

गेज आणलंत की दुकानात घेऊन या, मास्टरशी लावून बघू. टायर गरम असला तरी चालेल. दोन्ही गेजं एकाच चाकाला, एका मिनिटाच्या आत लावायची. त्या वेळी आपण हवा नाही, गेज मोजत असतो. येताना पेन आणि चिकटपट्टी आणा.